नावाचा रकाना

मथारेत कुणाच्या दारावर थाप मारायची नसते. पत्र्यावर थाप पडली की आतल्यांना वाटतं, भाडं मागायला आले, नाहीतर पोलीस आले. दाराबाहेर उभं राहून 'होदी!' अशी हाळी द्यायची. आतून 'करिबू' आलं की वाकून आत शिरायचं, नाही आलं तर पुढचं घर. वर्षभरात माझ्या वहीत ६१८ गृहभेटींची नोंद झाली. पहिल्या वीसेक घरांत मी 'होदी' म्हटलं ते आपल्याकडच्या भाजीवालीसारखा हेल काढून. आतून आधी हसू यायचं, मग 'करिबू'.

नगरच्या एका इस्पितळात मी ३३ वर्षं नर्स होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि आमच्या मंडळीच्या ओळखीतून नैरोबीतल्या एका लहानशा मिशनचं बोलावणं आलं. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट माझं. मला वाटलं, ड्रेसिंग करीन, लसी टोचीन, बाळंतपणं करीन. पोचल्यावर कळलं की केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असल्याशिवाय मला तिथं सुईला हात लावता येणार नाही. नियम योग्यच होता. आपल्याकडे उद्या कुणी परदेशी बाई येऊन इंजेक्शनं देऊ लागली तर आपण काय म्हणू? मिशनच्या बाईंनी माझ्यासमोर रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, तुमचं अक्षर चांगलं आहे, याद्या तुम्ही सांभाळा.

अशा रीतीनं माझं मिशनकार्य म्हणजे याद्या करणं झालं.

मथारे हे नैरोबीच्या मध्यवस्तीपासून चार-पाच किलोमीटरवरचं खोरं. एका अंगाला जुजा रस्ता, दुसऱ्या अंगाला थिका रस्ता, मधून मथारे नदी. नदी म्हणायचं इतकंच. उन्हाळ्यात तो काळा ओहोळ असतो. पूर्वी इथं दगडाच्या खाणी होत्या, शहराच्या कितीतरी भिंती इथल्या दगडाच्या आहेत. एका वस्तीचं नावच माशिमोनी, म्हणजे 'खड्ड्यांत'. दुसरीचं माबातिनी, म्हणजे 'पत्र्यांत'. पत्ता विचारला की माणूस कशात राहतो तेच कळतं. १९५४ मध्ये माउ माउ बंडाच्या काळात इंग्रजांनी ही वस्ती बुलडोझर लावून साफ केली होती. स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा उभी राहिली. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, चारी बाजूंनी पत्रा, खाली माती किंवा कोबा. मी पाहिलेल्या खोल्यांचं भाडं महिना दोन ते साडेतीन हजार शिलिंग. शंभर शिलिंग म्हणजे तेव्हा आपले पन्नास-साठ रुपये.

माझ्या सोबतीला वस्तीतली आरोग्यसेविका असे. आपल्याकडच्या आशाताई असतात तशी. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं देशभर अशा सुमारे एक लाख सेवक-सेविका नेमल्या, त्यांना पाठीवरची पिशवी आणि मोबाइल दिला. ती मला 'दादा' म्हणायची. पहिल्या दिवशी मी दचकले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. भाऊ म्हणजे काका, आई म्हणजे मामा आणि आजोबा म्हणजे बाबू. बाबा तेवढे बाबाच. घरी फोनवर हे सांगितलं तर माझा भाऊ म्हणाला, तू एका वर्षात सगळं नातंगोतं उलटंपालटं करून येणार.

पण निम्मी भाषा ओळखीचीच निघाली. दुकानाला दुका, पैशाला पेसा, रंगाला रांगी, गाडीला गारी, गोणीला गुनिया, आंब्याला एम्बे, लाखाला लाकी, कपडे धुणारा तो दोबी. हिंदी महासागरातून शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांनी मालाबरोबर शब्दही उतरवले. मला मात्र सगळे 'मुहिंदी' म्हणत, म्हणजे भारतीय. मक्याच्या कणसालाही मुहिंदीच म्हणतात. कोपऱ्यावर कणसं भाजणारा पोरगा मला पाहून रोज एकच विनोद करायचा, आणि मला तो रोज आवडायचा.

मुहिंदी म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानदार, कारखानदार, मोठ्या गाडीतला माणूस. २०१७ मध्ये सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. पण मथारेच्या गल्लीत वही घेऊन फिरणारी, वर ख्रिस्ती असलेली मुहिंदी बाई बसत नव्हती कुठल्याच साच्यात. 'तू खरंच ख्रिस्ती? की इथं येऊन झालीस?' हा प्रश्न मला डझनभर घरांत विचारला गेला. आमच्या घरी ही चौथी पिढी आहे, असं सांगितलं की ऐकणारीच्या चेहऱ्यावर थोडा अविश्वास राही. केनियात शंभरातले पंचाऐंशी लोक ख्रिस्ती. तिथं कुणाला बाप्तिस्मा द्यायला जायची काही गरज नव्हती. उलट प्रत्येक घरातून निघताना तीच माणसं माझा हात धरून माझ्यासाठी प्रार्थना करत. माझ्या गुडघ्यांसाठी, नगरला असलेल्या माझ्या आईसाठी, आणि एकदा तर माझ्या स्वाहिलीसाठी.

मिशनच्या पत्र्याच्या शाळेत २४० मुलं होती. सकाळी त्यांना उजी, दुपारी गिथेरी. उजी म्हणजे पातळ पेज. ती होते विम्बीची, आणि विम्बी म्हणजे आपली नाचणी. पहिल्या सकाळी ते तपकिरी, आंबूस वासाचं भांडं समोर आलं तेव्हा मला आईच्या आंबिलीची आठवण झाली. म्तामा म्हणजे ज्वारी, हेही तिथंच कळलं. ही दोन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपण त्यांना इतकं आपलं म्हटलं की भाकरीशिवाय मराठी माणूस ओळखताच येऊ नये.

गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. १८ किलो मका, ९ किलो घेवडा, आदल्या रात्री भिजत घालायचा, पहाटे पाचला चुलीवर चढवायचा. ज्या मोठ्या पातेल्यात तो शिजे त्याला सुफुरिया म्हणतात. मी आत बसले असते एवढं मोठं. स्वयंपाकीणबाई मला चुलीपाशी फिरकू देत नव्हत्या, पण निवडायला बसवत. मका निवडणं हे तिथं चोखंदळपणाचं काम नाही. बुरशी लागलेल्या मक्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पोटात जातं, आणि २००४ मध्ये पूर्व केनियात अशा मक्यानं १२५ माणसं दगावली होती. बाई काळसर, हलका दाणा दोन बोटांत धरून मला दाखवायच्या, मग फेकायच्या. त्यांचा हात इतका सराईत की गप्पा मारताना नजर दाण्यांवर नसेच. मी चष्मा लावून तासाला जेवढं निवडे, तेवढं त्यांचं दहा मिनिटांत होई.

माझं खरं काम दुपारनंतर सुरू व्हायचं. शाळेखेरीज मिशन साठेक कुटुंबांना मदत करी. कुणाच्या मुलाची फी, कुणाचं दोन महिन्यांचं थकलेलं भाडं, कुणाला मांदाझी, म्हणजे गोडसर वडे, तळायला कढई आणि पिठाचं भांडवल. कुणाला द्यायचं ते गृहभेटीवरून ठरे आणि गृहभेट फॉर्मवर उतरे. दिवसातून किती वेळा जेवता, पाणी कुठून आणता, संडास कुठे, मिळवतं कोण, कर्ज किती. पाच वर्षांखालचं मूल असलं की दंडाला रंगीत पट्टी लावायची: साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. पट्टी लावायला परवाना लागत नाही, म्हणून ती मी लावे. हात ओळखीचं काम करतोय याचं मला त्या दोन मिनिटांत फार बरं वाटे.

बाकी फॉर्म मात्र फसवा. वस्तीला तो पाठ होता. कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर दिलं की नाव यादीत चढतं, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. एका घरात मी बसले असताना पलंगाखालून टीव्हीचा आवाज आला. घाईघाईत झाकून ठेवताना बंद करायचा राहिला होता. घरातली बाई माझ्याकडे, मी तिच्याकडे. आरोग्यसेविका छताकडे बघू लागली. पलंगाखाली कुणीतरी गोल केला आणि धाकट्या पोराला राहवलं नाही, ते ओरडलं. मग आम्ही तिघीही हसत सुटलो. मी 'मालमत्ता' या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

हा उदारपणा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. शाळेत सुकडी वाटायचे. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. मोठे साहेब पाहणीला येणार असले की आई मला ठेवणीतला फ्रॉक काढून फाटका घालायला लावी. चांगल्या फ्रॉकमधल्या मुलीला सुकडी कमी मिळते, असं तिचं ठाम मत होतं. आईला गरिबीचं नाटक करावं लागत नव्हतं, गरिबी होतीच. पण साहेबाच्या डोळ्याला दिसेल अशी ती करावी लागे. मथारेतली बाई टीव्ही पलंगाखाली ढकलत होती तेव्हा मी त्या फ्रॉकमध्ये उभी होते.

फॉर्ममध्ये 'मासिक उत्पन्न' असाही एक रकाना होता. महिन्याला मिळकत असते कुणाची? तिथं सगळं रोजचं. सकाळी धुणं मिळालं तर संध्याकाळी पीठ. या रोजच्या व्यवहाराला तिथं 'कदोगो' म्हणतात, म्हणजे इवलुसं. दुकानदार तेल दहा शिलिंगचं मापून देतो, साखर पाच शिलिंगची पुडी बांधून देतो, एक टोमॅटो, पाव कोबी. २०२३ च्या पूर्वार्धात दोन किलो मक्याच्या पिठाचं पाकीट दोनशे शिलिंगच्या वर गेलं होतं. मी एकदा वहीत हिशेब मांडला, तर वाटी-वाटीनं पीठ घेणाऱ्या बाईला तेच पीठ पाकिटापेक्षा बरंच महाग पडत होतं. पाण्याचंही तसंच. वीस लिटरचा पिवळा कॅन एरवी पाच शिलिंगला, नळ गेला की वीसला. मी मोठ्या उत्साहानं माझ्या सोबतिणीला तो हिशेब दाखवला. ती म्हणाली, 'दादा, हे आम्हाला माहीत आहे. पाकीट घ्यायचे दोनशे शिलिंग एका दिवशी एका हातात कधी असतात ते सांग.' हिशेबाचं ते पान मी पुन्हा कुणाला दाखवलं नाही.

एका हातात पैसे यावेत म्हणून बायकांनी काढलेली वाट म्हणजे चामा. बारा जणी दर आठवड्याला दोनशे-दोनशे शिलिंग काढणार आणि एकीला सगळे मिळणार. मला समजवायला त्यांनी अर्धा तास घेतला. मी म्हटलं, अगं, भिशी! मग त्यांनी मला 'भिशी' म्हणायला लावलं आणि स्वतः दहा वेळा म्हणून पाहिलं. आमच्या मिशननं दिलेल्या भांडवलांपैकी जी टिकली ती बहुतेक चामातल्या बायकांची, हे मला रजिस्टर चाळताना दिसलं. एकटीला दिलेली कढई सहा महिन्यांत विकली जाई: मूल आजारी पडलं की पहिली कढई जाते. चामातलीला तेव्हा चामा पैसे उसने देई आणि कढई वाचे. मी वरिष्ठांना हे सांगितलं. ते म्हणाले, छान निरीक्षण आहे, अहवालात लिहा. मी लिहिलं. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये 'चामाची सभासद आहे का' असा प्रश्न आला आहे असं कळतं. आता सगळ्याच जणी हो म्हणत असतील.

ऑक्टोबरात परदेशातल्या एका मंडळीकडून जुन्या कपड्यांची अकरा खोकी आली. आम्ही ती शनिवारी वाटली, फोटो काढले, सगळं गोड झालं. सोमवारी तिसऱ्या गल्लीतली कपडे विकणारी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जुन्या कपड्यांना तिथं मितुम्बा म्हणतात, आणि नैरोबीतला गिकोम्बा बाजार त्याचं आगर. ही बाई पहाटे चारला गिकोम्बाला जाऊन गठ्ठ्यातून निवडून कपडे आणी आणि जुजा रस्त्यावर ताडपत्री पसरून विकी. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली की गेल्या आठवड्याचा तिचा सगळा माल तसाच पडून आहे, कारण तिच्या गिऱ्हाइकाला तुम्ही फुकट दिलंत. मग विचारलं, 'पुन्हा खोकी आली तर मला आधी सांगाल? मी त्या आठवड्यात टोमॅटो विकीन.' धर्मादायाविरुद्ध मी ऐकलेली ही सगळ्यात सभ्य तक्रार. ती आमच्या यादीतली होती. तिला कपड्यांचा धंदा काढून देणारे आम्हीच होतो.

जानेवारीत दोन आठवड्यांसाठी तरुण मुलामुलींचा एक गट आला, सगळ्यांचे शर्ट एका रंगाचे. पोरं गोड होती, कष्टाळू होती, रात्री झोपेत रडत होती असंही ऐकलं. त्यांनी शाळेची भिंत रंगवली. तीच भिंत आधीच्या वर्षीही एका गटानं रंगवली होती. रंगाऱ्याचं काम करणारा आमच्या एका मुलाचा बाप शेजारी उभा राहून पाहत होता. त्याला मी विचारलं, कसं वाटतं काम? तो म्हणाला, हात चांगला आहे, पण खालून वर रंगवतायत.

गटातल्या एका मुलीनं मला विचारलं की तुम्ही हे सगळं कशासाठी करता. मी काहीतरी बायबलातलं उत्तर दिलं. खरं उत्तर लांबलचक होतं आणि ते माझ्या पणजोबांपासून सुरू होत होतं.

१८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशनऱ्यांनी अनाथ पोरं गोळा केली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, म्हणजे तेव्हा त्यांचं बस्तान बसलेलं होतं. रॉबर्ट ह्यूम यांना त्या दुष्काळातल्या कामासाठी सरकारनं कैसर-ए-हिंद पदकही दिलं. तिकडे केडगावात पंडिता रमाबाईंकडे शेकडो मुली येत होत्या. तसाच माझा पणजोबा, सात-आठ वर्षांचा, बीडकडून चालत आलेल्या माणसांच्या तांड्यातून कुणीतरी उचलून आणलेला. घरात सांगत आलेत ते असं, की कारकुनानं नाव विचारलं तेव्हा तो रडत होता, आणि मागे मोठी रांग होती. कारकुनानं बायबलातलं एक नाव लिहिलं आणि 'पुढचा' म्हणाला. तेच आमच्या घराण्याचं पहिलं नाव. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव काय होतं, त्याच्या आईचं नाव काय होतं, गाव कुठलं, जात कुठली, काही नाही. गावात पुढे आम्हाला 'पोटासाठी बाटलेले' म्हणत. माझे वडील त्यावर शांतपणे म्हणायचे, बरोबर आहे, पोट होतं म्हणूनच तुम्हाला शिव्या द्यायला आम्ही शिल्लक राहिलो. पण नावाचा विषय निघाला की ते उठून जात.

तर रजिस्टर समोर ठेवून बसलेली बाई मी, त्या कारकुनाच्या खुर्चीत. मथारेत मी काही थोर केलं नाही; माझ्या हातून एकच हट्ट पाळला गेला. प्रत्येकाचं नाव पुरं लिहायचं, त्यांच्या तोंडून दोनदा ऐकून. लुओ लोकांत नावावरून जन्माची वेळ कळते. सकाळी झालेली मुलगी अकिन्यी, रात्री झालेली अतिएनो, पावसात झालेली अकोथ. किकुयू लोकांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. शिवाय शाळेचं एक नाव, बाप्तिस्म्याचं एक, आणि आईला लोक हाक मारतात ती मुलाच्या नावानं, आपल्याकडे 'अमक्याची आई' म्हणतात तशीच. रकाना पुरायचा नाही. मी समासात लिहायची. वरिष्ठ म्हणाले, तुमच्या याद्या वाचवत नाहीत.

मार्चअखेर मोठा पाऊस सुरू झाला. २३ एप्रिलच्या रात्री तो थांबेचना. पहाटेच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी गलका झाला. नदी वर आली होती आणि काठच्या ओळीच घेऊन गेली होती. पत्रे पाण्यावर तरंगत एकमेकांवर आपटत होते. तो आवाज मला अजून भांडी पडली की ऐकू येतो. माणसं गळ्यात मुलं, डोक्यावर गाद्या घेऊन चढण चढत होती. त्या रात्री मथारेत माणसं वाहून गेली. त्या पावसाळ्यात देशभरात दोनशेच्या वर मेली. आमच्या यादीतलं कुटुंब त्यांत नव्हतं. हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतं, कारण त्या सकाळी मी आधी माझीच यादी घेऊन फिरले होते.

प्रार्थनेच्या हॉलमध्ये ५४ कुटुंबं उतरली आणि १९ दिवस राहिली. बाकं भिंतीला लावून आम्ही खडूनं चौकोन आखले, एका कुटुंबाला एक. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी आपल्या चौकोनाला खडूनं दार काढलं. आणि गंमत म्हणजे मग सगळे त्या दाराशी थांबून 'होदी' म्हणू लागले. उजी तिप्पट शिजत होती. शाळा उघडणं देशभर लांबणीवर पडलं होतं, म्हणून मुलंही दिवसभर तिथंच.

मग सरकारनं नदीकाठ मोकळा करायचा हुकूम काढला. मे महिन्यात बुलडोझर आले आणि पाण्यानं सोडलेली घरंही गेली. राष्ट्राध्यक्ष मथारेत येऊन गेले, हटवलेल्या कुटुंबांना दहा हजार शिलिंग जाहीर झाले. लगेच सगळीकडे याद्या सुरू झाल्या. प्रत्येक झाडाखाली एक माणूस वही घेऊन. माझी आठ महिन्यांची रजिस्टरं आता कशाच्याच कामाची नव्हती. पत्त्याच्या रकान्यात मी लिहिलेलं: 'नदीकडून तिसरी ओळ, निळं दार', 'चिंचोळ्या पुलापाशी, कोंबडीवालीच्या मागे'. पूल नव्हता. कोंबडीवाली कयोलेला बहिणीकडे गेल्याचं कुणी सांगितलं. मी एकेका नावापुढे 'गेले' लिहीत गेले. साठातली तेवीस.

मेच्या पहिल्या आठवड्यात, हॉलमध्ये, रात्री दोनला एका बाईला कळा सुरू झाल्या. रस्त्यावर पाणी होतं, गाडी येईना. वस्तीतली एक म्हातारी सुईण होती, तिला नीट दिसत नव्हतं. परवान्याचा विचार मी त्या रात्री केला नाही. स्वयंपाकीणबाईंनी गिथेरीच्या सुफुरियात पाणी उकळलं. बायकांनी चादरी धरून आडोसा केला. साडेचारला मुलगी झाली, चांगली रडली. वर्षभरात माझ्या हातून झालेलं नर्सचं काम म्हणाल तर एवढं. उजाडल्यावर मायलेकींना पुमवानीच्या प्रसूतिगृहात पाठवलं, दोन दिवसांनी त्या आपल्या खडूच्या चौकोनात परत आल्या.

बाळंतीण लुओ होती आणि बाहेर पाऊस धो धो पडत होता. मला वाटलं, नाव ठरलेलंच आहे. म्हटलं, अकोथ? तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प बसले. म्हणाली, 'पावसाला जे न्यायचं ते त्यानं नेलंय. माझ्या मुलीला नाव द्यायला तो कोण?'

मग काय ठेवणार? ते ती आईला विचारून सांगणार होती. आई गावी, फोन लागत नव्हता.

त्याच आठवड्यात परदेशातल्या कचेरीनं पूरग्रस्तांची यादी तातडीनं मागवली, संगणकावर भरून. त्यात नावाचा रकाना रिकामा ठेवला की ती नोंदच चढत नसे. मी तीनदा प्रयत्न केला. कचेरीतला मुलगा म्हणाला, अशा वेळी आम्ही 'बेबी गर्ल' लिहितो, नंतर बदलता येतं. नंतर कोण बदलतं? मी म्हटलं, आईचं नाव घाल आणि घरात माणसं चार लिही, मुलीचा फॉर्म राहू दे. मुलीच्या दुधाचे आणि कपड्यांचे पैसे त्यामुळे बरेच उशिरा आले. माझ्या हट्टापायी. स्वयंपाकीणबाईंनी मला स्पष्ट ऐकवलं की बाळाला नावाआधी लंगोट लागतात. खरं होतं. मी लंगोट माझ्या पैशानं आणले आणि फॉर्म खणात ठेवून दिला.

हॉल रिकामा झाला. लोक पांगले, काही त्याच खोऱ्यात थोडं वर सरकून राहिले. जूनमध्ये शहरात नव्या करांविरुद्ध तरुणांची आंदोलनं पेटली, मंगळवार-गुरुवार आम्ही शाळा बंद ठेवू लागलो, आणि २५ जूनला लोक संसदेत घुसले ते आम्ही स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकलं. माझ्या जायला महिना उरला होता.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी ती आली. बाळ पाठीला बांधलेलं, हातात उजीसाठी डबा. आईशी बोलणं झालं होतं, एकदा नव्हे, चार वेळा. आईला एक नाव हवं होतं, नवऱ्याच्या बहिणीला दुसरं, मग तडजोड झाली होती. मी खणातून फॉर्म काढला. तिनं तीन नावं सांगितली. मी ती परत म्हणून दाखवली, तिनं मान डोलावली, मी ठळक अक्षरांत लिहिली आणि कागद तिच्याकडे फिरवला. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. बाळानं तिच्या पाठीवर चुळबुळ केली. मग तिनं माझ्या हातातलं पेन मागून घेतलं, मधल्या नावातलं एक अक्षर खोडलं, त्याच्यावर बरोबर अक्षर लिहिलं, आणि उजी संपायच्या आत डबा घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.